दारावरील व्हिडिओ बेल : परवडणारी निवड कशी करावी?

मरोळ हे अंधेरीच्या पूर्वेकडील एक जुने गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्यानंतर या परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९७३ साली लगतच सीप्झचे निर्यात क्षेत्र स्थापन झाले. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गावर मेट्रो धावू लागली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झाल्यापासून मरोळ नाका हे दोन मेट्रो मार्गांना जोडणारे स्थानक झाले आहे. या स्थित्यंतराबरोबर येथील वस्तीचे रूपही पालटले. गावठाणातील बैठी घरे अद्याप आहेत. त्यांच्या सभोवती चाळी, पुनर्वसन योजनेतील इमारती आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारती दाटीने उभ्या आहेत.

घरांबरोबर दारावरची वर्दळही बदलली. पूर्वी दुपारी कडी वाजली तर शेजारीण, पोस्टमन किंवा भाजीवाला यांपैकी कोणीतरी असे आणि आवाजावरूनच माणूस ओळखता येई. आता किराणा, औषधे, कपडे, शिजवलेले अन्न अशा नाना वस्तू घरपोच येतात आणि त्या आणून देणारा माणूस बहुधा दर वेळी नवा असतो. तो आपले काम इमानाने करीत असतो. परंतु दार उघडणाऱ्यास तो अनोळखी असतो, हेही तितकेच खरे.

समजा, मरोळ-मरोशी मार्गावरील एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एक कुटुंब राहते. मुलगा व सून दोघेही सकाळीच नोकरीसाठी बाहेर पडतात. नात शाळेतून तीन वाजता परतते. तोपर्यंत घरात पंचाहत्तरी गाठलेल्या आजी एकट्याच असतात. त्यांचे गुडघे दुखतात, ऐकू थोडे कमी येते, आणि बेल वाजली की "आले हो, आले" म्हणत त्या थेट कडी काढतात. या घराला व्हिडिओ बेल घ्यावयाची आहे आणि खर्च बेताचा करावयाचा आहे. प्रस्तुत लेखातील विवेचन हे घर डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. कोणत्याही विशिष्ट उत्पादनाची शिफारस येथे केलेली नाही.

या उपकरणाचा उगम

दारावर कॅमेरा बसविण्याची कल्पना आजची नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने व तिच्या पतीने १९६६ साली घराच्या सुरक्षिततेसाठी एका यंत्रणेच्या पेटंटकरिता अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते पेटंट मंजूर झाले. दारात वेगवेगळ्या उंचीवर भोके, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत चित्र दाखविणारा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, दूरवरून दार उघडण्याचे बटण आणि धोक्याची सूचना देणारे दुसरे बटण अशी तिची मांडणी होती. परिचारिकेच्या कामाच्या वेळा अनियमित. घरी एकटे असताना दार वाजले तर बाहेर कोण आहे हे दार न उघडता कळावे, ही तिची गरज होती.

हे सांगण्याचे कारण असे की, आजच्या जाहिरातींत या मूळ गरजेचा अनेकदा विसर पडलेला दिसतो. जाहिरातीत कार्यालयात बसलेला गृहस्थ हसतमुखाने आपल्या फोनवर दारावरचा माणूस पाहत असतो. परंतु दार उघडावे की नाही हे ठरविणारी व्यक्ती घरात आहे. तिला चित्र दिसले नाही, तर फोनवर कितीही सुस्पष्ट चित्र आले तरी मूळ हेतू साधला असे म्हणता येणार नाही. तेव्हा खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न 'दार कोण उघडते?' हाच असला पाहिजे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हा प्रश्न त्याच्या पुष्कळ मागाहून येतो.

आणखी एक गोष्ट आरंभीच नमूद केलेली बरी. ज्या दाराला भिंग, म्हणजे ज्याला हार्डवेअरच्या दुकानात 'मॅजिक आय' म्हणतात ते, नाही आणि आतून साखळीही नाही, त्या दाराला प्रथम या दोन वस्तू बसवाव्यात. त्यांना वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि त्यांचा खर्च कोणत्याही व्हिडिओ बेलच्या किमतीपुढे नगण्य आहे. लाकडी दाराबाहेर जाळीचे सेफ्टी डोअर असेल तर ते लावलेले ठेवूनच बोलावे. घरातील सर्व माणसे धडधाकट असतील आणि भिंगातून पाहण्याची सवय त्यांना असेल, तर अशा पुष्कळ घरांना याहून अधिक कशाची आवश्यकता नाही, असे आमचे मत आहे. आमच्या आजींची अडचण मात्र वेगळी आहे. त्यांना वाकून भिंगाला डोळा लावणे जमत नाही, आणि लावला तरी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्या इवल्याशा वर्तुळातील चेहरा त्यांना ओळखू येत नाही.

तीन प्रकार

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारची उपकरणे मिळतात.

पहिला प्रकार तारेने जोडलेल्या व्हिडिओ डोअर फोनचा. बाहेर बटण व कॅमेरा, आत भिंतीवर बहुधा सात इंची पडदा, आणि दोहोंमध्ये तार. बटण दाबताच पडद्यावर चित्र उमटते. फोन, इंटरनेट, पासवर्ड यांपैकी कशाचीही गरज लागत नाही. तार ओढण्यासाठी भिंत फोडावी लागते किंवा पट्टीतून तार न्यावी लागते, ही त्याची अडचण. घराची रंगरंगोटी किंवा दुरुस्ती काढली असेल तेव्हा हे काम उरकून घेणे सोयीचे.

दुसरा प्रकार दारातील भिंगाच्याच भोकात बसणाऱ्या अंकीय भिंगाचा. बाहेरून ते साध्या भिंगासारखे दिसते. आत दाराच्या पाठीवर तीन-चार इंची पडदा असतो. एक बटण दाबले की बाहेरचे दृश्य दिसते. भाड्याच्या घरासाठी हे उत्तम, कारण जागा सोडताना ते काढून जुने भिंग पुन्हा बसविता येते. खरेदीपूर्वी भोकाचा व्यास व दाराची जाडी मोजून घ्यावी. येथे हटकून चूक होते. पडद्याची उंचीही पाहावी. आजी ठेंगण्या असतील आणि भोक उंच माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर असेल, तर पडदा असूनही त्यांना मान वर करूनच पाहावे लागेल.

तिसरा प्रकार वायफायवर चालणाऱ्या बेलचा. सध्या 'व्हिडिओ डोअरबेल' म्हटले की बहुतेकांना हाच अभिप्रेत असतो. बटण दाबले की घरातील राउटरमार्फत, आणि बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरमार्फत, फोनवर सूचना येते. मुलगा कार्यालयातून बोलू शकतो, चित्रण साठविता येते. परंतु आजींजवळ स्मार्टफोन नसेल, किंवा असूनही तो दुसऱ्या खोलीत राहत असेल, तर बेल वाजल्याचे त्यांना कळावे कसे? त्यासाठी घरात वाजणारी वेगळी घंटा सोबत मिळते का, ती पेटीतच आहे की निराळी विकत घ्यावी लागते, आणि तिचा आवाज स्वयंपाकघरात प्रेशर कुकर चालू असतानाही ऐकू येईल इतका मोठा आहे का, हे पाहणे अगत्याचे आहे. तसेच इंटरनेट बंद पडल्यास ही आतील घंटा वाजते की नाही, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी विद्युत जाळ्यातील बिघाडामुळे मुंबईच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा सकाळपासून खंडित झाला होता. अशा वेळी बेलमध्ये स्वतःची बॅटरी असली तरी राउटर बंद असतो, आणि फोनवर काहीही येत नाही.

आमच्या आजींच्या घरासाठी पहिला किंवा दुसरा प्रकार पुरेसा आहे. तिसरा घ्यावयाचा तर आतील घंटेसह, आणि घरातच पाहता येईल असा पडदा असलेला घ्यावा. त्यात कुटुंबाची आणखी एक सोय होते: आजी गोंधळल्या तर मुलगा दूरवरून बाहेरच्या माणसाला सांगू शकतो की, "पार्सल खाली वॉचमनकडे ठेवा."

जुन्या बेलच्या तारा

या विषयावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे. परदेशी संकेतस्थळांवरील चित्रफितींत जुन्या बेलचे बटण काढून त्याच दोन तारा नव्या व्हिडिओ बेलला जोडताना दाखवितात. अमेरिकेत हे चालते, कारण तेथे बेलच्या मंडलात ट्रान्सफॉर्मर असतो आणि बटणाच्या तारांत साधारणतः १६ ते २४ व्होल्ट इतकाच कमी दाब असतो. आपल्याकडील बहुसंख्य घरांत दाराबाहेरचे बेलचे बटण थेट २३० व्होल्टच्या मंडलात असते. त्या तारा कमी दाबाच्या उपकरणास जोडल्यास उपकरण क्षणात जळेल, आग लागण्याचा संभव राहील आणि जोडणाऱ्यास विजेचा तीव्र धक्का बसेल.

म्हणून 'तारेने जोडता येणारी' असे पेटीवर लिहिलेले दिसल्यास किती व्होल्ट, हा आकडा वाचावा. ८ ते २४ व्होल्ट असे लिहिले असेल तर योग्य ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टर बसविणे भाग आहे, आणि ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. सोबतच्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह व 'आर' या इंग्रजी अक्षराने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक आहे, याची खात्री करावी. जुनी बेल काढून टाकू नये, ती तशीच चालू ठेवावी, हा आमचा आग्रह आहे. नवे उपकरण रुसले तर दारावर आलेला माणूस निदान जुने बटण तरी दाबू शकेल.

किमतीचा खरा हिशेब

परवडणारी वस्तू कोणती, हे पेटीवरील किमतीवरून ठरत नाही. वायफायवरील अनेक बेलचे चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर साठविले जाते आणि ते पाहण्यासाठी दरमहा वा दरवर्षी वर्गणी द्यावी लागते. हिशेबापुरते दोन आकडे घेऊ. एका बेलची किंमत ३,५०० रुपये आणि वर्गणी दरमहा १५० रुपये आहे. दुसरीची किंमत ६,००० रुपये, तिच्यात ५०० रुपयांचे मेमरी कार्ड बसते आणि वर्गणी नाही. पाच वर्षांत पहिलीसाठी ३,५०० अधिक ९,००० म्हणजे १२,५०० रुपये खर्च होतात, दुसरीसाठी ६,५००. दुकानात स्वस्त दिसलेली वस्तू घरात जवळपास दुप्पट महाग पडली. 'पहिले काही महिने मोफत' असे लिहिले असेल, तर त्यानंतर वर्गणी न भरल्यास बेलचे कोणते काम चालू राहते व कोणते थांबते, हे आधीच विचारून घ्यावे.

मेमरी कार्ड किती पुरेल, याचाही अदमास घरबसल्या काढता येतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्रणास सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट जागा लागते असे धरू. दिवसाला वीस वेळा बेल वाजली व प्रत्येक वेळी अर्धा मिनिट चित्रण झाले, तर दिवसाकाठी सुमारे ११३ मेगाबाइट आणि महिन्याला साडेतीन गिगाबाइटच्या आत जागा लागेल. ३२ गिगाबाइटचे कार्ड नऊ महिने पुरेल. त्याच कार्डावर अहोरात्र अखंड चित्रण केले, तर ते दोन दिवसांत भरेल. १९२० गुणिले १०८० इतकी सुस्पष्टता दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखण्यास पुरेशी आहे, त्याहून अधिक बिंदूंसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. चित्र उभे लांबट असावे, म्हणजे माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि उंबऱ्याशी ठेवलेली वस्तूही दिसते. पॅसेजच्या टोकाला उघडी खिडकी असेल तर मागून उजेड येऊन चेहरा काळा पडतो. प्रखर व मंद प्रकाश एकाच वेळी सांभाळण्याची सोय, जिला बाजारात डब्ल्यूडीआर म्हणतात, अशा जागी उपयोगी ठरते.

गावठाणातील ज्या घरांचे दार थेट गल्लीत उघडते, तेथे पावसाचाही विचार हवा. २६ जुलै २००५ रोजी मरोळपासून जवळच्याच सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा पाऊस रोज पडत नसला तरी वाऱ्याबरोबर दारावर येणारी झड दरवर्षीची आहे. पेटीवर 'आयपी ६५' असे लिहिले असेल तर त्यातील पहिला अंक धुळीपासून व दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा होय. बंद पॅसेजमधील दाराला याची फारशी जरुरी नाही.

समोरचे दार

मुंबईतील बहुसंख्य इमारतींत, विशेषतः पुनर्वसन योजनेतील इमारतींत, पॅसेज अरुंद असतो आणि दारे समोरासमोर असतात. आपल्या दारावरील रुंद कोनाचा कॅमेरा समोरच्या घरात कोण आले, कोण गेले, दार उघडे असेल तर आत कोण बसले आहे, हे सर्व टिपतो. शेजाऱ्याने यास आक्षेप घेतला तर तो अवाजवी म्हणता येणार नाही. खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातून व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. परंतु त्यामुळे शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर नजर ठेवण्याची मुभा मिळते, असा अर्थ काढणे धाडसाचे होईल. कोलकात्यातील एका सामाईक घराच्या प्रकरणात राहत्या भागातील कॅमेरे सहनिवाशाच्या संमतीविना चालविता येणार नाहीत, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने २०२५ साली दिला व सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयापुढे २०२१ साली आलेल्या अशाच एका शेजाऱ्यांच्या वादात, दूरवरचे बोलणेही टिपणाऱ्या ध्वनिग्राहकावर न्यायालयाने विशेष ठपका ठेवला होता. आवाजाचा विचार आपल्याकडे कोणी करीतच नाही.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो खर्चही वाचवितो. पॅसेजमधील प्रत्येक हालचालीवर जागी होणारी सोय बंद करावी आणि बटण दाबल्यावरच चित्रण सुरू होईल अशी व्यवस्था ठेवावी. चौथ्या मजल्यावर सहा-आठ घरे असतील तर दिवसभरात दारावरून शेकडो वेळा ये-जा होते. प्रत्येक वेळी कॅमेरा जागा झाला तर 'सहा महिने चालणारी' बॅटरी काही आठवड्यांतच संपते, फोनवर सूचनांचा भडिमार होतो आणि घरातील माणसे कंटाळून सर्वच सूचना बंद करून टाकतात. मग खरोखर बेल वाजली तरी कोणी पाहत नाही. बटणावर चालणारी बेल शेजाऱ्यास त्रास देत नाही, कार्ड व बॅटरी वाचविते, आणि तिने दिलेली प्रत्येक सूचना म्हणजे दारावर कोणीतरी आलेच आहे. म्हणून अशी व्यवस्था करता येते का, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे.

पॅसेजची भिंत सामाईक असल्याने तिला भोक पाडण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारी समितीस लेखी कळवून संमती घ्यावी. शक्यतो बेल आपल्या दाराच्या चौकटीवरच बसवावी. समोरच्या काकूंना बोलावून पडद्यावर नेमके काय दिसते ते एकदा दाखवावे. भांडणे बहुतेक वेळा कॅमेऱ्यात काय दिसते हे ठाऊक नसल्यामुळे होतात. घरकामास येणाऱ्या बाईंनाही कॅमेऱ्याची कल्पना द्यावी.

इंटरनेटवर चालणारी बेल घेतल्यास आपले चित्रण इतरांच्या हाती पडू नये याची दक्षता घ्यावी लागते. २०१६ साली मिराई या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने मे २०२३ मध्ये रिंग या नामांकित कंपनीवर ठपका ठेवला की, कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी चित्रण पाहण्यापासून तिने रोखले नाही. ते प्रकरण ५८ लाख डॉलर भरून मिटविण्यात आले. आपल्या देशात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणीची अट ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाली आहे. व्हिडिओ बेलच्या विक्रेत्यासही चाचणीबद्दल, चित्रण कोठे साठविले जाते आणि उपकरणास अद्ययावत प्रणाली किती वर्षे मिळेल याबद्दल विचारावे. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा व दुहेरी पडताळणी सुरू करावी.

बसविल्यानंतर

बटण जमिनीपासून साधारण चार फुटांवर बसवावे. राउटर आतल्या खोलीत असेल तर भिंती व लोखंडी सेफ्टी डोअर यांमुळे लहरी क्षीण होतात. म्हणून बेल पक्की करण्यापूर्वी दार लावून, बाहेर उभे राहून, फोन वायफायला नीट जोडला जातो का हे पाहावे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून अधिक चांगला पोहोचतो.

त्याहून महत्त्वाची तयारी आजींची. कॅमेरा चेहरा दाखवितो; तो माणूस खरा कोण हे सांगत नाही. गॅसची वाहिनी तपासावयास आलो, बँकेतून आलो, पोलीस आहोत, असे सांगणाऱ्याचे ओळखपत्र पडद्यासमोर धरावयास लावावे, आणि तरी शंका असल्यास देयकावर छापलेल्या क्रमांकावर मुलाने चौकशी करीपर्यंत दार उघडू नये. बाहेरचा माणूस धमकावू लागला तर ११२ हा क्रमांक फिरवावा. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत पडद्याशेजारी चिकटवून ठेवावा. "जरा थांबा, मुलाला विचारते" हे वाक्य म्हणावयास अनेक वृद्धांना संकोच वाटतो. माणसाला दाराबाहेर तिष्ठत ठेवणे हा त्यांच्या पिढीला अपमान वाटतो. हा संकोच यंत्राने जात नाही. मुलाने, सुनेने व नातीने चार दिवस मुद्दाम बाहेरून बेल वाजवून आजींकडून हे वदवून घ्यावे. नातीला या खेळात गंमतही वाटेल.

खरेदीची पावती व पेटी जपून ठेवावी. वस्तू सदोष निघाली आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमान्वये ग्राहक आयोगाकडेही जाता येते. वस्तू परत करण्याची मुदत मात्र अनेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते. त्या मुदतीतच एकदा भर दुपारी, एकदा रात्री पॅसेजचा दिवा मालवून, एकदा राउटर बंद करून आणि एकदा कुकरच्या शिट्ट्या चालू असताना बेल वाजवून पाहावी, आणि दर वेळी आजींना विचारावे की, बाहेर कोण आहे ते त्यांना दिसले का.